सुपारीएवढं शिसं

माझ्या सासऱ्यांनी मला फसवलं. आखाडातल्या शेवटच्या रविवारी, सीना नदीच्या काठावर, दिवसाढवळ्या फसवलं. आणि एकदा नाही, दोनदा. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. राग येऊन गेला. आता उरलं आहे ते निव्वळ सत्य.

माझी ओळख करून दिल्याशिवाय या गुन्ह्याचं मोठेपण तुम्हाला कळायचं नाही. भूमला माझं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, नट, दोर, पाइप, पाण्याच्या मोटारीचं सगळं सामान. सुरुवात केली ती आठवडी बाजारात गोणपाट अंथरून. त्या गोणपाटापासून आजच्या शटरपर्यंत मी एकाच गुणावर आलो: मला कुणी फसवू शकत नाही. मी मेथीची जुडी घेतो तेव्हा वर कोथिंबीर घेतो, कोथिंबिरीवर चार मिरच्या घेतो, आणि हे सगळं न्यायला बाईकडूनच पिशवी घेतो. सोलापूरच्या एका ठोक व्यापाऱ्याचे मला चहा देताना हात थरथरतात. (त्याला कंपवात आहे असं नंतर कळलं. पण तो मला पाहिल्यावर वाढतो, हे मी स्वतः पाहिलं आहे.)

माझा धंद्यातला एक नियम आहे आणि तो मी फुकट सांगतो. दुकानदार जो माल आपणहून पुढे करतो, तो त्याला खपवायचा असतो. जो माल तो ‘नको, हा तुमच्यासाठी नाही’ म्हणून मागे सारतो, तोच खरा माल. या एका नियमावर मी घर बांधलं. याच नियमावर त्या रविवारी मी आपटलो.

झालं होतं असं. मी आणि बायको शोभा तुळजापूरला गेलो होतो, देवीची ओटी भरायला. ओटीचा खण घ्यायला एका दुकानात थांबलो. दुकानदारानं भाव सांगितला. मी हसलो. तो हसला नाही. मग आमचं सुरू झालं. शोभा म्हणाली, “अहो, देवीच्या खणाला तरी नका.” मी म्हणालो, “देवीनं भाव ठरवलेला नाही, यानं ठरवलाय.” दर्शनाची रांग वळसे घेत पुढे गेली, मागून आलेले लोक दर्शन घेऊन, प्रसाद खाऊन परत फिरले, आणि शेवटी तो माणूस माझ्या भावाला तयार झाला. वर हळदी-कुंकवाची पुडीसुद्धा त्यानंच दिली. मी विजयानं मागे वळलो. शोभा नव्हती.

ती बार्शीच्या एस.टी.त बसून माहेरी निघून गेली होती. तिचं माहेर परंड्याकडे, सीनेच्या काठी. मी हातात खण घेऊन उभा, आणि दुकानदार शांतपणे विचारत होता, “मापात बसला ना, शेठ?”

चार दिवस तिनं फोन उचलला नाही. पाचव्या दिवशी उचलला आणि अट घातली. रविवारी नदीवर जायचं, तिच्या वडलांबरोबर एक सकाळ गप बसायचं, आणि स्वतःच्या हातानं एक मासा धरून आणायचा. मासा आला की ती लगेच पिशवी उचलणार.

“मासाच का?” मी विचारलं.

“त्याच्याशी घासाघीस करता येत न्हाई म्हणून.”

मी म्हणालो, पुढच्या महिन्यात बघू, सध्या दुकानात गर्दी आहे. ती म्हणाली, “बघा. सोमवारपासून श्रावण लागतोय.” मग माझ्या डोक्यात उजेड पडला. श्रावण लागला की आमच्याकडे मासळी बंद. म्हणजे मासा धरायचा तर त्याच रविवारी. नाहीतर श्रावण संपेपर्यंत बायको माहेरी, आणि मी दुकानामागच्या खोलीत स्वतःच्या हातची खिचडी खात. (माझी खिचडी मी एकदा गिऱ्हाइकाला दिली होती. त्यानं पुट्टी म्हणून भाव विचारला.)

शनिवारी सासऱ्यांचा फोन आला. त्यांना मी मामा म्हणतो. जन्मभर त्यांनी एस.टी. चालवली, आता निवृत्त आहेत, सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला. घरात एकटे आणि बाहेर नदी. एस.टी.चा ड्रायव्हर म्हणजे कमी बोलणारा माणूस. बोलायचं काम कंडक्टरचं. मामांनी एवढंच सांगितलं, “येताना दुकानातनं एक दोर आणा. सुताचा, जाड. माणसाचं वजन पेलंल असा.”

“कशाला, मामा?”

“लागतो घरात.”

मी दोर घेतला. सासऱ्यांकडून पैसे काय घ्यायचे, म्हणून तसाच घेतला. मापताना हात जरा सैलच सोडला. हे मी इथे नोंदवून ठेवतो, पुढे लागणार आहे.

रविवारी पहाटे दोर मामांच्या घरी टाकला आणि उजाडताना आम्ही दोघं नदीवर पोहोचलो. आमच्याकडे पावसानं ओढ दिली होती, पण वर नगरकडे चांगला पडला होता, त्यामुळे सीना अंगभर वाहत होती. मी खरं सांगतो, मी नदी अशी कधी बघितलीच नव्हती. पुलावरून जाताना बघितली होती, एकदा काठावर उभं राहूनही, पण तेव्हा मनात पुलाच्या लोखंडाचा हिशेब चालू असायचा. त्या सकाळी पाण्यावर धुक्याचा एक पातळ पदर होता आणि तो पाण्याच्याच वेगानं सरकत होता, की नदी सरकत होती आणि धुकं थांबलं होतं, कळत नव्हतं. पलीकडच्या काठावर बगळे उसाच्या कडेला उभे होते. एकाही बगळ्याला काही विकायचं नव्हतं. मला जरा अस्वस्थ वाटलं.

मामांनी खांद्यावरून दोन बांबूच्या काठ्या उतरवल्या. काठीला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, बांधलेला, टोकाला गळ; जास्तीचे गळ आणि आमिषाची कणीक एका डब्यात. मग त्यांनी कमरेची चंची काढली. पानसुपारीची चंची असते तीच, कप्प्याकप्प्याची. फक्त पान, चुना, कात यांच्या जागी प्रत्येक कप्प्यात शिसं. जुनं शिसं वितळवून मामांनी स्वतः गोळ्या पाडल्या होत्या. एका कप्प्यात ज्वारीच्या दाण्याएवढ्या, दुसऱ्यात हरभऱ्याएवढ्या, तिसऱ्यात चिंचोक्याएवढ्या. आणि सगळ्यात आतल्या कप्प्यात सुपारीएवढ्या, गोल, गुळगुळीत, सकाळच्या उजेडात चांदीसारख्या चमकणाऱ्या.

मामा आयुष्यात पहिल्यांदा सलग बोलले. गळ वरच्या अंगाला टाकायचा आणि पाण्याबरोबर खाली वाहू द्यायचा. शिसं असं हवं की गळ तळाला टेकला पाहिजे, पण बसला नाही पाहिजे. टेकायचं, उठायचं, पुन्हा टेकायचं. फार हलकं झालं तर गळ वरच्या वर निघून जातो आणि तळातल्या माशाला तो दिसतसुद्धा नाही. फार जड झालं तर एका जागी बसून राहतो, आणि नदीत एका जागी बसतो तो फक्त दगड. “बैलगाडीगत,” मामा म्हणाले. “गाडीवान झोपलेला, बैलांना वाट ठाऊक. नुसतं चाकाखाली खडे वाजतात. तसं वाजलं पायजे बोटाला.”

मग त्यांनी चंची माझ्यापुढे धरली आणि ज्वारीच्या कप्प्यावर बोट ठेवलं. “आज पाण्याला ओढ बेताची हाय. तुमी ह्यातली घ्या.”

मी त्या ज्वारीकडे बघितलं. मग मामांकडे बघितलं. हा मनुष्य मला ज्वारी देतोय आणि आतल्या कप्प्याचं तोंड अंगठ्यानं दाबून धरतोय.

“त्या आतल्या कुणासाठी?” मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“ते नको, जावईबापू. ते तुमच्यासाठी न्हाईत.”

बास. माझ्या अंगातला सगळा आठवडी बाजार जागा झाला. पुढचा बराच वेळ काठावर काय झालं ते मी थोडक्यात सांगतो. मी आधी सुपारी नुसती हातात बघायला मागितली. मग तिचं वजन तळहातावर तोललं आणि तोंड वाकडं केलं. मग म्हणालो की तुमच्या एवढ्या वर्षांच्या जावयाला तुम्ही ज्वारी देता, यात काय ते आलं. मामा नको नको म्हणत होते. तीनदा म्हणाले, “अवो नका घेऊ, जड हाय.” जड आहे! म्हणजे त्याच किमतीत माल जास्त. मी म्हणालो, माझ्या वाट्याची ज्वारी, हरभरे, चिंचोके, सगळी चंची तुम्हीच ठेवा, मला फक्त आतला कप्पा द्या. मामांनी एक मोठा उसासा सोडला, नदीकडे बघितलं आणि म्हणाले, “बरं. तुमचीच मर्जी.”

सगळ्या सुपाऱ्या माझ्या खिशात आल्या. मी इतका खूश होतो की वरचं म्हणून एक चिंचोकाही मागणार होतो, पण म्हातारा आधीच हरला होता, मी सोडून दिलं.

पहिला गळ टाकला. डुबुक्. गेला तो गेलाच. नदी वाहत होती, धुकं वाहत होतं, मामांचा तंगूस पाण्यावरून कोवळी रेघ ओढत खाली जात होता, आणि माझा तंगूस खुंटा ठोकल्यासारखा एका जागी उभा. मी बोट लावून पाहिलं. काही वाजत नव्हतं. ओढला तर दगडात अडकला होता. जोर केला आणि तंगूस तुटला. दुसरी सुपारी. डुबुक्. तोच प्रकार, दुसरा दगड. माझ्या लक्षात आलं की मी मासेमारी करत नाही, मी नदीच्या तळाशी शिसं साठवतोय. तेवढ्यात मामांनी काठी हलकेच उचलली. टोकाला हातभर लांब रोहू, पोट सोनेरी. त्यांनी तो ओल्या पोत्यात ठेवला, पुन्हा गळ टाकला, टोपी डोळ्यांवर ओढली आणि झाडाला टेकले.

मी जरा खालच्या अंगाला सरकलो. तिथे पाणी संथ होतं. तिथे सुपारी टाकली आणि काय सांगू, काहीतरी जिवंत लागलं! हाताला थरथर जाणवत होती. बारीक, सतत, दमदार थरथर. मी काठी छातीशी धरली, पाय रोवले आणि ओढलं. ते वर येत होतं. फार जड होतं. माझ्या डोळ्यांपुढे शोभा पिशवी भरत होती. मी आणखी ओढलं. पाण्यातून काळं, जाड, लांबलचक काहीतरी वर आलं आणि क्षणभर मला वाटलं ही मगर आहे. (सीनेत मगर नाही. पण माझं नशीब बघता एक आली असती.)

तो पाइप होता. काठावरच्या उसाला पाणी देणाऱ्या मोटारीचा पाइप. त्याच्या तोंडाशी जाळीची झडप असते, तिला आम्ही फुटवाल म्हणतो. तिच्यात माझा गळ अडकला होता आणि मी तिला पाण्याबाहेर ओढून काढलं होतं. मोटारीनं हवा ओढली. काठावरच्या छपरातून एक आवाज आला, म्हशीला ठसका लागल्यासारखा, आणि मग शांतता.

उसातून एक माणूस धावत आला. उंच, डोक्याला टॉवेल, हातात फावडं. त्यानं पाइपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा राग जाऊन तिथे ओळख आली. ती रागापेक्षा वाईट होती.

“तुमी भूमचे दुकानवाले ना?”

मी म्हणालो, भूममध्ये दुकानं पुष्कळ आहेत.

“ह्यो फुटवाल तुमीच दिला. म्हनला हुता, थेंब गळला तर नाव बदलून ठिवीन. आता काय नावानं हाक मारू?”

मी फुटवालकडे पाहिलं. माझ्याच दुकानातला होता. माल उत्तम आहे. पाणी गढूळ असेल तर त्याला दुकानदार काय करणार? पण फावडं हातात असलेल्या माणसाशी मालाच्या दर्जावर चर्चा करू नये, हा माझा दुसरा नियम आहे. तो म्हणाला, लाईट दुपारपर्यंतच आहे, ऊस वाळतोय, पाइपात पाणी भरल्याशिवाय मोटार पाणी उचलायची नाही, आणि ते पाणी आता मी भरायचं. त्यानं माझ्या हातात बादली दिली.

मी नदीतून बादली भरायची, चढ चढायचा, पाइपात ओतायची. पुन्हा खाली. पाइप काही भरेना. कारण वरून मी ओततोय आणि खालून फुटवाल गळतोय. मी ओतलेलं पाणी माझ्याच दुकानाच्या झडपेतून माझ्यासमोर परत नदीत जात होतं, आणि तेच मी पुन्हा भरून आणत होतो. हा व्यवहार किती वेळ चालला असता सांगता येत नाही. माझ्या आयुष्यात मी एकाच मालाला इतक्या वेळा हात लावलेला नाही. शेवटी त्या शेतकऱ्यानं झडपेला चिखल आणि चिंधी दाबून धरली, मी जीव खाऊन ओतलं, आणि मोटारीनं पाणी उचललं. जाताना तो म्हणाला, “पुढच्या बाजारी येतो दुकानावर. नाव ठरवून ठिवा.”

मी भिजलेला, घामेजलेला परत आलो. वरच्या अंगाला मामा टोपीखाली तसेच. घोरत होते की हसत होते, टोपीमुळे समजत नव्हतं.

सुपाऱ्या संपल्या होत्या. शेवटची फुटवालमध्येच राहिली. माझ्याकडे काठी होती, तंगूस होता, गळ होता आणि शिसं नव्हतं. चंची मामांच्या मांडीवर उघडी पडली होती आणि ज्वारीचे दाणे तिच्यात मोत्यासारखे दिसत होते. हात लांब केला असता तर मिळाले असते. पण सौदा झालेला माल परत मागायला मी काही कच्चं गिऱ्हाईक नव्हे. मी खिशात हात घातला. माझ्या खिशात नेहमी दोन-चार नट असतात, नमुन्याचे. सगळ्यात लहान नट काढला, तंगुसात ओवला आणि वरच्या अंगाला टाकला. मनात म्हटलं, जा बाबा, आता तुझं तू बघ.

आणि तो गेला.

खाली टेकला, उठला, टेकला, उठला. बोटाला टक् झालं. मग थोडं नुसतंच वाहणं. मग पुन्हा टक्. मी श्वास रोखून ऐकत होतो, बोटानं ऐकत होतो. तळातला एकेक खडा मला ओळख सांगत होता. धुकं गेलं होतं आणि उन्हाचे तुकडे पाण्यावरून वाहत येत होते, एकामागून एक, कुणाचेच नाहीत, कुणी मोजत नाही. मी गळ उचलायचो, वर टाकायचो, पुन्हा त्याच्याबरोबर खाली जायचो. कधीतरी माझे डोळे अर्धे मिटले. दुकानाचं शटर दूर कुठेतरी कुणीतरी हळूच खाली ओढावं तसं झालं. सोलापूरचा व्यापारी आठवला आणि त्याच्या हातांबद्दल मला वाईट वाटलं. शोभा आठवली. लग्नानंतर पहिल्यांदा इथेच, याच काठावर, तिनं मला पाण्यात पाय सोडून बसायला सांगितलं होतं आणि मी बूट नवे आहेत म्हणालो होतो. बूट केव्हाच गेले. पाणी तेच वाटत होतं. मी पाय पाण्यात सोडले. गाडीवान झोपला होता, बैलांना वाट माहीत होती.

टक्. टक्. मग टक् आलं नाही. त्याऐवजी एक मऊ, लाजरी ओढ आली, लहान मुलानं सदऱ्याचं टोक ओढावं तशी.

मी काठी उचलली. टोकाला चिलापी होती. तळहाताएवढी, पंख ताठ, मला बघून संतापलेली. माझी! मी तिला दोन्ही हातांत धरून उभा राहिलो. मी आजवर मिळवलेलं सगळं कुणाकडून तरी काढून घेतलेलं होतं. ही नदीनं दिली होती, आणि भाव विचारला नव्हता.

एवढं होऊन मी तसाच घरी गेलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

मामा जागे झाले. चिलापी बघून त्यांचा चेहरा जरा उतरल्यासारखा झाला, पण “झ्याक झालं” म्हणाले. आम्ही आवराआवर करू लागलो. मी माझी चिलापी ठेवायला पोतं उघडलं आणि आत मामांचा रोहू दिसला. हातभर. सोनेरी. त्याच्याशेजारी माझी चिलापी म्हणजे त्याच्या पानावर वाढलेली चटणी. मी एकदा तिकडे बघितलं, एकदा इकडे. स्वप्न उतरलं. शटर खडखडत वर गेलं.

“मामा,” मी म्हणालो, “तुम्ही एकटे माणूस. एवढा मोठा रोहू तुम्हाला काय करायचा?”

मामा थबकले. मग पोत्याचं तोंड अंगठ्यानं दाबून धरत म्हणाले, “नको, जावईबापू. तुमचा तुमाला बरा.”

वाचकहो, तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं. मला फक्त ‘नको’ ऐकू आलं. नदीपासून गावाच्या वेशीपर्यंत मी बोलत होतो. म्हाताऱ्या माणसाला लहान मासा पचायला बरा, हे मी त्यांना पटवून दिलं. रोहूला आखाडात काटे जास्त होतात, हेही सांगितलं. (होत नाहीत.) वेशीच्या लिंबाखाली मामांनी तोच उसासा सोडला, तसंच एकदा नदीकडे बघितलं आणि म्हणाले, “बरं. तुमचीच मर्जी.” चिलापी त्यांच्या पिशवीत गेली, रोहू माझ्या हातात आला.

शोभा अंगणात विळी मांडून बसली होती. शेजारी तिची पिशवी. भरलेली. तिची मुठीएवढी गाठ मी लांबूनच ओळखली. रोहू बघून ती उठूनच उभी राहिली. एवढा आनंद मी तिच्या चेहऱ्यावर खणाच्या दुकानात पाहिला नव्हता.

“तुम्ही धरला?”

आता इथे मी नुसतं ‘व्हय’ म्हणायचं होतं. दोन अक्षरं. मामा खांबाला टेकून गप्प उभे होते; त्यांनी एक शब्द काढला नाही, काढलाही नसता. सगळं जग माझ्या बाजूनं होतं. पण मला सांगा, चांगला सौदा केल्यावर तो सांगितल्याशिवाय माणसाला जेवण जातं का?

“अगं धरलेला नव्हे, मिळवलेला!” मी म्हणालो. “मी धरली होती एवढीशी चिलापी. ती तुझ्या बापाच्या गळ्यात मारली आणि हा घेतला!”

अंगणात मघाचीच शांतता पसरली, मोटार बंद पडल्यावरची. शोभा खाली बसली.

“म्हणजे ह्यो बाबांनी धरला.”

“आता माझा आहे. सौद्यात आलाय.”

“आणि तुमचा?”

मी मामांच्या पिशवीकडे बघितलं. मामांनी ती अदबीनं पुढे केली. शोभानं चिलापी बाहेर काढली, तळहातावर ठेवून बराच वेळ बघितली, आणि हसायला लागली. विळी हाताला लागेल म्हणून विळी बाजूला सारून हसली. मग तिनं पिशवीची गाठ सोडली आणि दोन लुगडी परत वलणीवर टाकली.

“पंचमी करूनच येते,” ती म्हणाली.

मी म्हणालो, हा अन्याय आहे, मासा धरला हे सिद्ध झालं आहे. ती म्हणाली, धरला, पण आणला नाही. अट आणायची होती. मी मामांकडे वळलो. मामांनी मला सांगितलं की त्यांनी दोन्ही वेळा नको म्हटलं होतं. आणि हीच फसवणूक आहे! खोटं बोलून फसवणारे मी पुष्कळ पाहिले. खरं सांगून, तेही पुन्हा पुन्हा सांगून, माणसाला खड्ड्यात घालणारा हा एकच.

जेवताना रोहू माझ्या पानात आला. चिलापी मामांनी घेतली, काटे सोडवत, चवीनं. “लग्न झाल्यापासनं एक पंचमी न्हाई पोरीची हितं,” ते कुणाकडेही न बघता म्हणाले. “दरसाल तुमी आदल्या दिशी न्यायला येता. दुकान म्हनता.” मग काटा बाजूला ठेवून, “गोड हाय हां तुमची मासळी.”

जेवण झाल्यावर मी अंगणात आलो आणि लिंबाच्या झाडाखाली थांबलो. जाड फांदीला झोका बांधलेला होता. पंचमीचा झोका. आम्ही नदीवर असतानाच शोभानं शेजारच्या बायका बोलावून बांधून घेतला होता. दोर नवा कोरा होता, सुताचा, जाड, माणसाचं वजन पेलेल असा.

शोभा दारातून म्हणाली, “बसून बघा जरा, पेलतो का. घरात सगळ्यात जड तुम्हीच.”

मी बसलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. तिनं एक झोका दिला आणि मी निघालो. खाली आलो, अंगठा मातीला टेकला, उठला, पुन्हा टेकला. लिंबाचा पाला वर सळसळत होता आणि त्याच्यामागे नदीचा आवाज होता. डोळे मिटत चालले होते. आणि मिटता मिटता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, तिनं मी ताडकन जागा झालो.

म्हणून मी हे सगळ्यांसमोर विचारतो. मासा रविवारी हातचा गेला. मग झोक्याचा दोर शनिवारीच कसा मागवला? मामांनी उत्तर द्यावं. पिशवी भरून बसलेल्या त्यांच्या मुलीनंही द्यावं, कारण निघायच्या तयारीत बसलेली बाई अंगणात पंचमीचा झोका बांधून घेत नाही. आणि आयुष्यात पहिल्यांदा, कुणी न मागता, दोर मापताना मी वर हातभर जास्त सोडला होता. त्या हातभर दोरामुळेच तो झोका माझे पाय जमिनीला टेकतील इतका खाली आला, त्याचा जाब मात्र कुणाला विचारायचा, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.